महिपतीकाकांच्या गाडीची टाकी

रविवार, ५ जानेवारी. सकाळी १०.२०
नेहमीप्रमाणे महिपतीकाकांना फोन. नेहमीप्रमाणे गाडीचा आवाज ऐकवला. म्हणजे गाडी शेजारच्या सोमशेखरची. तो दर रविवारी दहाला आपली गाडी धुतो आणि दोन मिनिटं रेझ करतो. मी फोन हातात धरून शेजारी उभा राहतो. यात मी खोटं काही बोलत नाही. फक्त 'ऐका काका' म्हणतो. पुढचं काका समजून घेतात.

आज मात्र काका म्हणाले, डोळ्याचं आपरेशन झ्याक झालंय, डॉक्टर म्हनला आता गाडी चालवा. एकोणीस तारखेला येतो आन् माझी गाडी घिऊन जातो. हुरडा हाय तवर रानात एक चक्कर मारायची हाय.

म्हणालो, या की काका. गाडी एकदम टकाटक आहे.

नऊ वर्षं गाडी जिन्याखाली उभी आहे. एकदाही चालू केलेली नाही.

१०.४५
घाबरायचं कारण नाही. चौदा दिवस आहेत. जुन्या गाड्या दणकट असतात.

दुपारी ४
कव्हर काढलं. वरून गाडी सुंदर. टाकीचं झाकण उघडून मोबाइलचा टॉर्च मारला. आत गंज. 'थोडासा' असं लिहिणार होतो, पण ही डायरी माझीच आहे. पापुद्रे सुटलेत.

वाईट वाटलं. काका श्रीपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते. माझी पाचवी ते दहावी त्यांच्याच घरी झाली. सुरुवातीला याच टाकीवर बसून शाळेत जायचो. नजर कमी झाली तेव्हा रेश्माने, म्हणजे त्यांच्या मुलीने, किल्ली काढून घेतली. काकांनी गाडी परक्याला विकली नाही, मला दिली. एकच अट घातली. दर रविवारी चालू करायची आणि त्यांना आवाज ऐकवायचा.

पहिल्याच रविवारी किक मारली तर चालू झाली नाही. मग सोमशेखरची तात्पुरती वापरली. तात्पुरतीच.

सोमवार, ६ जानेवारी
संकल्प: टाकी स्वतः साफ करणार. मेकॅनिककडे जाणार नाही. काकांचं ऋण असं फिटेल.

चार व्हिडिओ पाहिले. चिंचेचं पाणी आणि बारीक खडी. खडी समोरच्या बांधकामावरून आणली. चिंच घरातली.

मंगळवार, ७ जानेवारी
बायकोने, म्हणजे प्रतिक्षाने, विचारलं, आमटीची वर्षाची चिंच अर्धी कुठे गेली. म्हणालो, औषधाला. कोणाच्या, तिने विचारलं. काकांच्या, म्हणालो. एका अर्थी खरंच आहे.

टाकी काढली, पाणी आणि खडी भरून दोनशे वेळा हलवायचं ठरवलं. एकसष्टला कंबर धरली. बाकीचं काम चिंचेने करावं. मुरू दे.

गुरुवार, ९ जानेवारी
मुरते आहे. ऑफिसात इन्स्पेक्शन, बघायला वेळ नाही. व्हिडिओत बारा तास सांगितले होते. पण त्यांचा गंज नवा असेल.

शुक्रवार, १० जानेवारी. संध्याकाळी
टाकी उपडी करायला गेलो तर आधीच रिकामी. खाली फरशीवर लाल ओघळ. टाकीच्या तळाला चार भोकं. गंज गेला हे मान्य करावंच लागेल. गंजामागे पत्रा नव्हता, यात माझी काय चूक?

शनिवार, ११ जानेवारी
एक जण म्हणाला, भोकाला अंगाचा साबण घासा, पेट्रोल थांबतं. घासला. टाकी बसवून अर्धा लिटर ओतलं. तीन भोकं थांबली. चौथं नाही. घरभर वास. प्रतिक्षाने गॅस बंद केला आणि म्हणाली, आज स्वयंपाक तुम्ही बाहेर जाऊन आणा, येताना अक्कलही आणा.

पार्सल घेता घेता सात रस्ता चौकाजवळ बसवराजच्या गॅरेजमध्ये डोकावलो. टाकी काढून सोबत घेतली होतीच. संकल्प मोडला असं नाही, सल्ला घेतला.

बसवराज म्हणाला, चाळण झाली की हो साहेब. मी सांगितलं, पाऊस लागलेला नाही, जिन्याखाली असते, कव्हर असतं. त्याने झाकण फिरवून पाहिलं. रबर वाळून तडकलं होतं. विचारलं, धुता काय? अभिमानाने सांगितलं, दर खंडेनवमीला. बाहेर काढतो, पाइप लावून चकाचक धुतो, हार घालतो, लिंबू ठेवतो, काकांना फोटो पाठवतो. एक वर्ष चुकवलेलं नाही.

तो म्हणाला, मग झाकणातनं पाणी तुमीच पाजलंय की. नऊ वर्सं. वरनं पूजा, आतनं गंज.

घरी येऊन मोबाइलमधले नऊ फोटो काढून बघितले. प्रत्येकात टाकीवरून पाणी निथळतंय आणि मी हसतोय. जेवण गेलं नाही.

रविवार, १२ जानेवारी. सकाळी १०
संकल्प: काकांना सगळं सांगून टाकायचं.

१०.१५
सोमशेखरने नेमकी त्याच वेळी गाडी चालू केली. काका म्हणाले, ऐकव की रं. ऐकवली. म्हणाले, लई ग्वाड वाजतीया. मी 'हो' म्हणालो. पुढचं सांगण्याऐवजी नुसता खोकलो, तर म्हणाले, सर्दी झालीया का तुला, आल्याचा चहा घे. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवार, १३ जानेवारी
दुसरी टाकी बसवायचं ठरलं. बसवराज बघतो म्हणाला. आज गेलो तर शटर बंद. सिद्धेश्वराची यात्रा. रस्त्यात तो यात्रेतली पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजामागे चाललेला दिसला. गर्दीतून ओरडून टाकीचं विचारलं. त्याने लांबूनच हात जोडले. लोकांनी माझ्याकडे पाहिलं.

गुरुवार, १६ जानेवारी
शटर उघडलं. टाकी मिळाली, जुन्या गाडीवरचीच, धड आहे. फक्त लाल आहे. आपली काळी. मीच रंगवतो म्हणालो. आता निदान एवढं तरी माझ्या हातून व्हावं.

शुक्रवार, १७ जानेवारी
रंगवली. दोन ठिकाणी ओघळ आलेत. अंधारात दिसत नाहीत. काका सकाळी येणार ही गोष्ट विचारात घेतली नव्हती.

शनिवार, १८ जानेवारी. संध्याकाळी ६
बसवराजने कार्बोरेटर, प्लग, सगळं साफ केलं. बाविसाव्या किकला चालू झाली! नऊ वर्षांनी! डोळ्यांत पाणी आलं, थोडं धुराने.

आवाज मात्र फारच फटफट येतो. सोमशेखरची घुमते तशी ही घुमत नाही. फोनवर फरक कळत नसावा.

ठरवलं: टाकीबद्दल काही बोलायचं नाही. म्हाताऱ्या माणसाला उगाच धक्का कशाला.

रविवार, १९ जानेवारी. रात्री
काका मंगळवेढ्याहून पहिल्या एसटीने आले. चहासुद्धा घेतला नाही, थेट जिन्याखाली. गाडीभोवती एक चक्कर मारली. टाकीवर बोटाने टकटक केलं. म्हणाले, ही दुसरी हाय.

मी पत्रा, हवामान, पेट्रोलची क्वालिटी असं बरंच बोललो. ते ऐकत होते. मग माझं मलाच ऐकवेना. चिंच, साबण, खंडेनवमी, सगळं सांगून टाकलं. म्हणाले, आदी सांगायचं हुतं. मीच भोकं झाळून दिली असती की.

एवढं निघालंच आहे तर म्हणून रविवारचंही सांगायला तोंड उघडलं. काका म्हणाले, ऱ्हाऊ दे. एकतीस वरसं मशिनींचा आवाज ऐकत काढली. ही टू-स्ट्रोक, तू ऐकवायचास ती फोर-स्ट्रोक. मला कळत न्हाय व्हय? पयल्याच रविवारी कळलं.

मग बोलला का नाहीत, मी विचारलं.

किल्ली फिरवत म्हणाले, बोललो असतो तर तू फोन करायचा बंद झाला असतास.

त्यांनी किक मारली. तिसऱ्या किकला चालू. म्हणाले, बस मागं, हुरडा खाऊन उद्या ये. मी म्हणालो, उद्या ऑफिसात ऑडिट आहे. उद्या ऑडिट नाही. का म्हणालो माहीत नाही. सवयीने तोंडातून गेलं. ते बरं म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी रेश्माचा मेसेज. अप्पा पोचले. अजून गाडीवरून उतरायला तयार नाहीत.

संकल्प: आता दर रविवारी फोन. खरा फोन.

रविवार, २६ जानेवारी. सकाळी १०
झेंडावंदन करून आलो. सोमशेखरने गाडी बाहेर काढली. सवयीने फोन घेऊन खाली गेलो. मला बघून त्याने जरा जास्तच रेझ केली. नुसता उभा राहिलो.

१०.३०
गाडी त्यांच्याकडे. आता ऐकवायचं काय? तब्येत विचारावी, तर नऊ वर्षांत कधी विचारलेली नाही. एकदम विचारली तर घाबरतील.

१२.४०
जेवत असतील.

३.००
झोपले असतील.

६.१५
प्रतिक्षा म्हणाली, करा की फोन. म्हणालो, विषय ठरवतोय.

८.५०
मंगळवेढ्याला लोक लवकर झोपतात. फोन चार्जिंगला लावला.