आकसायचं कोणी?

४ डिसेंबर
सासरी, पुलगावात, पहिला आठवडा मजेत गेला! खाली सासऱ्यांचं, म्हणजे मामाजींचं, कापडाचं दुकान आणि वर घर. सासूबाईंनी कामासाठी वेगळी खोली दिली, खिडकीजवळ माझं टेबल लावून दिलं. सून वेबसाइट बनवते याचं घरात भारी कौतुक. दुकानाच्या वेबसाइटवर आधी घरच्यांच्या फोटोंची रांग केली: मामाजी, सासूबाई, नवरा स्वप्निल, नणंद आचल, शेवटी मी. प्रत्येक चौकटीला सांगून ठेवावं लागतं, जागा उरली तर किती पसरायचं आणि कमी पडली तर किती आकसायचं. मी सगळ्यांना सारखंच दिलं.

९ डिसेंबर
मोबाइलवर रांगेत दाटी झाली. मामाजी म्हणाले, दुकान माझं, माझी चौकट बारीक दिसली तर चालणार नाही. त्यांचं आकसणं शून्य केलं, म्हणजे ती आता तसूभर हलत नाही. मग सासूबाईंचं. आचलनं तोंड फुगवलं, तिचंही. स्वप्निल तर म्हणे मीच काऊन कमी? राहिले मी एकटी. सासूबाई हसून म्हणाल्या, तू थोडंसं ॲडजस्ट करून घेजो. घेतलं!
लग्नात साबण लावून चढवलेला चुडा आज भांडी घासताना आपोआप गळून पडला.

१५ डिसेंबर
मामाजींना आणखी मोठा फोटो हवा होता. माझी चौकट अजून आकसली, फोटोखालचं नाव कापलं जाऊन नुसतं 'सुर' दिसतं. ब्लाउज खांद्यावर थांबत नाही. उंची तेवढीच आहे, रुंदी मात्र... खिडकीजवळ आता आचलचं कपाट आहे.
केळझरला आईला फोन केला. ती म्हणाली, नवं घर आहे, ॲडजस्ट कर बाई. व्वा गं आई!

१९ डिसेंबर
आरशासमोर सरळ उभी राहिले, तरी कडेनं उभी असल्यासारखी दिसले. भीती वाटते. स्वप्निलला सांगितलं तर म्हणाला, उगाच काहीही, पलंगावर आता किती ऐसपैस होतं.
माझंही शून्य करावं? पण कोणीच आकसलं नाही तर शेवटची चौकट पानाबाहेर जाते. शेवटची मीच.

२२ डिसेंबर
जेवताना हात जोडले. सगळ्यांनी थोडं-थोडं आकसा, मग मीही मावेन. आचल फिसकन हसली. सासूबाई म्हणाल्या, काऊन वं, तुले काय कमी हाये इथं?
ताटही लहान आलं.

२४ डिसेंबर
न विचारता सगळ्यांना सारखं करते. एक आकडा, बस. कळ दाबली जात नाही — बोटात जोरच — बोट दोऱ्याएवढं —

सासूबाई आल्या. माझ्यातूनच पलीकडे पाहिलं. दिवा बंद केला. आचलला ओरडून म्हणाल्या, खोली रिकामीच हाये, तू घेजो.

रिकामी नाही —
मी इथं —
खिडकी —
माझं नाव सु