पाठीमागची कॉलर

धामणगाव बढे, पौष, शके १८५६, रविवार

नुसतं डोकं फिरलंय आज. ह्यांनी नागपुराहून आणलेल्या कोकोच्या डब्यावर हॉलंडचा एक मुलगा आहे, खलाशी सदऱ्यातला. तसली कॉलर पाठीवर रुंद पडते, नागपुरात साहेबांच्या मुलांची पाहिलीय मी. आमच्या बाळूला तसाच सदरा शिवायला डबाच शिंप्याकडे दिला. आज शिंपी सदरा घेऊन आला, तर पुढे झोकदार कॉलर आणि पाठीवर काहीच नाही!

"मागं काऊन नाही?"

"वैनी, डब्यावरल्या पोराची पाठ कुठी दिसते?"

उसवून घ्यावा, तर बाळू अंगातून काढेना. संध्याकाळी शेजारच्या दोघी कापड घेऊन शिंप्याकडे निघालेल्या. बाळूसारखाच हवा म्हणे! त्यांना पाठीवरच्या कॉलरीचं सांगितलं, तर हसल्या.

"पाठीवर कॉलर? इश्श, कसं दिसन ते!"