बाबांनी विचारलंय

११ नोव्हेंबर, सोमवार

मिठूच्या कॉलेजातून फोन. विद्यार्थी मदत कक्षातल्या कुणी मॅडम. "पालकांनी एकदा येऊन भेटा." का, ते फोनवर सांगत नाहीत! आज दुकानाला सुट्टी होती म्हणून बरं. हातात वस्तरा असता तर कुणाचा तरी गाल गेला असता.

बायको म्हणाली, "आपली पोर काही वावगं करायची नाही." ते मलाही माहीत आहे. मग बोलावतात कशाला? मला शाळेत एकदाच सांगितलं होतं, बापाला घेऊन ये. त्यानंतर शाळा सुटली ती सुटलीच.

१३ नोव्हेंबर, बुधवार

दुकान बंद ठेवून गेलो. बसला चार तास. मदत कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली — एक टेबल, तीन खुर्च्या, खिडकीतून सायकली दिसतात. मॅडम चाळिशीच्या. केस घरीच कापलेले, मागून डावी बाजू लांब. बोललो नाही.

म्हणाल्या, "पहिल्या सत्रात पाचपैकी दोन विषय गेलेत. केमिस्ट्री आणि गणित."

मिठू! पानंच्या पानं घडाघडा म्हणणारी! म्हणून तर तिचं नाव मिठू पडलं. बारावीला शाळेत पहिली आली तेव्हा मी दिवसभर फुकट दाढ्या केल्या होत्या.

"हुशार आहे हो," मॅडम म्हणाल्या. "पण विचारत नाही. इतक्या महिन्यांत एकाही सरांच्या खोलीचं दार वाजवलेलं नाही. आणि शनिवारचं प्रॅक्टिकल दर आठवड्याला बुडतं. तुम्हाला माहीत होतं?"

नव्हतं. ती सांगायची, शनिवारी सुट्टी असते. शिवणयंत्रावर बायकोचं मनगट गेलं तेव्हापासून ही दर शुक्रवारी घरी हजर. आठवड्याचे कपडे, भांडी, झाडलोट — सगळं उरकून रविवारी सकाळी परत. आम्ही आपले म्हणायचो, गुणाची पोर!

आणि विचारत नाही, हेही माझंच. दुकानात लहानपणी कोपऱ्यात बसायची. एकसारखं "का? का?" मीच गप्प करायचो — मोठ्या माणसांना त्रास देऊ नये.

मी म्हटलं, "मॅडम, मी काय करणार? मी सातवी शिकलेला."

"तेच हवंय मला," म्हणाल्या. "आठवड्यातून अर्धा तास. शिकलेलं एक काहीतरी तिने तुम्हाला फोनवर समजावून सांगायचं. कळलं नाही तर 'कळलं नाही' म्हणायचं. उगाच मान डोलवायची नाही."

"मान डोलवणं हा माझा धंदाच आहे, मॅडम!"

त्या हसल्या. त्यांचे वडील गोदामात पोती उचलायचे म्हणे. घरात शिकलेल्या ह्याच पहिल्या. पण मिठूला वेळ फक्त रविवारी दुपारी, आणि रविवारी माझ्याकडे बाकड्यावर जागा नसते. बघतो म्हणालो.

मिठू बाहेर उभी होती. रडलेली. मला बघून एवढंच म्हणाली, "बाबा, जेवलात का?" मी उत्तर दिलं नाही. तसाच बसमध्ये चढलो. चार तास तेच डोक्यात — उत्तर का दिलं नाही?

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

मास्तर दाढीला आले. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, तरी बोलणं वर्गातलंच. "काय म्हणते आमची शास्त्रज्ञ?" म्हटलं, "झकास!" वस्तरा गळ्यावर असताना खोटं बोलू नये. वस्तरा पुसायला वळलो.

मिठू आज आली नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

मिठूचा फोन. "बाबा, मी कॉलेज सोडते. आईलाही मदत होईल."

खरं लिहितो, इथे कोण वाचतंय — क्षणभर मला बरं वाटलं. सुटलो, असं वाटलं. मग लाज वाटली.

बायकोने फोन हिसकावला. "माझ्या मनगटाच्या नावावर खपवू नकोस हं! येत्या शुक्रवारी आलीस तर दार उघडणार नाही!" फोन ठेवला आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "अहो, तुम्ही सोमवारी मोकळेच असता ना?"

१८ नोव्हेंबर, सोमवार

मोकळा होतो. कपडे धुतले. भाजी चिरली. जन्मभर कात्री चालवली, सुरी का जमू नये? — नाही जमली. एक तुकडा नखाएवढा, एक मुठीएवढा. बायको किती महिन्यांनी अशी हसली.

मॅडमना फोन केला. रविवारी तीन वाजता. ठरलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

तीनला शटर अर्धं ओढलं. मिठूने पुस्तकातलं म्हणून दाखवलं. मी म्हटलं, कळलं नाही. तिने तेच परत म्हटलं, जरा मोठ्याने. मी बहिरा आहे का? अर्धा तास असाच. दोन गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली. एक तर माझ्या डोळ्यांदेखत!

१ डिसेंबर, रविवार

आज साबण. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला, म्हणून मळ निघतो. हे कळलं! चांगलं सांगितलं पोरीने.

मग मी म्हटलं, "ते ठीक. पण नळाला पाणी नसलं की मी बोअरचं घेतो. साबण तोच, ब्रश तोच, हातही माझाच — फेस का होत नाही? नुसता पांढरा चोथा उरतो वाटीत."

"क्षार असतात त्यात."

"असेनात. ते साबणाचं काय करतात?"

पलीकडे वहीची पानं फडफडली. मग बारीक आवाजात, "बाबा, मला माहीत नाही."

मी म्हटलं, "मलाही नाही. तीस वर्षं झाली. जाऊन विचार की कुणाला तरी."

"सर काय म्हणतील?"

"सांग, माझ्या बाबांनी विचारलंय. हसले तर मला हसतील."

४ डिसेंबर, बुधवार

अधल्यामधल्या दिवशी फोन! गेली होती. दारापाशी दोनदा जाऊन परत आली, तिसऱ्यांदा वाजवलं. "सर, बाबांनी विचारलंय." सर हसले नाहीत. खुर्ची दिली. क्षार साबणाला पकडून बसतात आणि न विरघळणारी वस्तू होते — तोच माझा चोथा. वीस मिनिटं समजावलं म्हणे. आणि शेवटी, "वडील काय करतात तुमचे?"

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, सलून आहे. ते म्हणाले, मग प्रश्न बरोबर जागेवरून आलाय."

दुकानात दिवसभर शीळ वाजवत होतो. मला येत नाही शीळ.

२२ डिसेंबर, रविवार

गणित. मला काही म्हणजे काही कळलं नाही. दहा वेळा तसं सांगितलं. अकराव्यांदा मिठूच म्हणाली, "थांबा बाबा, ही पायरी मलाच कळलेली नाही." सोमवारी जाईन सरांकडे, म्हणाली. आता माझं नाव सांगावं लागत नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

मास्तर आले. "शास्त्रज्ञ काय म्हणतात?" फेस लावला आणि वस्तरा बाजूला ठेवला. म्हटलं, "दोन विषय गेलेत. परत बसणार आहे. दर रविवारी तीनला शिकलेलं मला फोनवर समजावून सांगते." तोंडाला फेस, त्यामुळे बोलता येईना त्यांना. आरशातून बघत राहिले. मग म्हणाले, "पुसा आधी." पुसलं. "चाळीस वर्षं शिकवलं. बोलायला लावलं पाहिजे हे माहीत होतं. साठ पोरांच्या वर्गात कधी लावलं नाही." मी परत फेस लावला आणि दाढी पुरी केली.

१९ जानेवारी, रविवार

तीन वाजता बाकड्यावरचे दोघे आपणहून उठून बाहेर उभे राहिले. "पोरीचा फोन असेल, होऊ द्या." मास्तरांनी पसरवलेलं दिसतंय!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन्ही पेपर झाले. केमिस्ट्री बरा. गणिताबद्दल बोलली नाही. मी विचारलं नाही.

बायकोचं मनगट आता वळतं. तरी सोमवारचे कपडे मीच धुतो. हात बसलाय.

५ मार्च, बुधवार

निकाल. केमिस्ट्री निघाली! गणित सहा मार्कांनी राहिलं.

निकाल लागल्या लागल्या तिचा फोन, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत. "बाबा, एक निघाला, एक राहिला. शिकवणीचा गट आहे संध्याकाळचा, मॅडमनी नाव घातलंय. जूनमध्ये परत बसते." रडत नव्हती. मीही रडलो नाही. मग तिला विचारलं, "जेवलीस का?" म्हणाली, "हो. तुम्ही?" या वेळी उत्तर दिलं.

९ मार्च, रविवार

तीनला फोन वाजला. आवाज मिठूचा नाही. "काका, मी मिठूच्या खोलीत राहते. तिनेच नंबर दिला. आमच्या घरी असं ऐकणारं कुणी नाही... तुम्हाला वेळ आहे का?"

बाकड्यावर चार जण होते. शटर पूर्ण ओढलं. म्हटलं, "सांग बाळा. काय शिकवलं या आठवड्यात?"