दाखल्यावरची आई

चाकण,
४ सप्टेंबर २०२५

ती. सरूताईंना,
प्रयागचा सप्रेम जय भीम, वि. वि.

पत्र बघून नवल वाटेल. फोन मी मुद्दामच केला नाही. फोनवर तुम्ही मधेच बोलता आणि माझं सगळं तोंडातच राहतं. कागदावर मला कोणी अडवत नाही. रविवारी संघर्ष तुमच्याकडे जेवायला येईल, त्याच्याच हाती देते. डिंकानं पक्कं चिकटवलंय.

परवा पित्ताच्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी भरती व्हायला गेलो होतो. संघर्षनं कंपनीच्या विम्याचं कार्ड पुढं केलं. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, पेशंट तुमच्या कोण? तो म्हणाला, आई. तिनं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि म्हणाली, यात आई तर सरूबाई आहेत, मग या कोण? मागं वीस माणसं रांगेत. मी नवी साडी नेसून, पिशवीत टॉवेल-तांब्या घेऊन उभी, आणि तुमचा भाचा बुटाकडं बघतोय!

घरी आल्यावर कळलं, त्याच्या शाळेच्या दाखल्यावरच आईच्या रकान्यात तुमचं नाव आहे. तेच पुढं कॉलेजात, तेच कंपनीत. एकोणीस वर्षं, ताई! आम्ही नवरा-बायको कोयता घेऊन कारखान्यामागं कारखाने हिंडलो, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढलो, ते कोणासाठी? पोराला शिकायला तुमच्या दारात ठेवलं, दत्तक दिलं नव्हतं. नाव चोरलंत तुम्ही माझं. माणूस भांडं चोरतं, चप्पल चोरतं, आईपण कोणी चोरतं का?

कंपनीचा माणूस म्हणतो, दाखल्यावरच्या बाईनं स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं की मी या मुलाची आई नाही. तेवढं लिहून द्या. महिन्याच्या आत खडे काढले नाहीत तर जिवावर बेतेल असं डॉक्टरांनी सांगितलंय.

मिनलला आशीर्वाद. माझा राग राग म्हणूनच घ्या, लोभ तोडू नका.

तुमची भावजय,
प्रयाग


पिंपळे गुरव,
७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. प्रयाग हिस,
सरूताईचा जय भीम व आशीर्वाद.

संघर्ष आत जेवतोय तोवर लिहिते आहे. चोर म्हणालीस! बरं झालं, एकोणीस वर्षांनी पावती मिळाली.

आता ऐक. दोन हजार सहा सालचा जून. पोरगं तुझ्या पदराला लोंबकळत होतं. तू त्याची बोटं एकेक करून सोडवलीस आणि त्याला म्हणालीस, आजपसून हीच तुझी माय हाय, माझं नाव काढायचं न्हाई. आणि रिक्षात जाऊन बसलीस. दुसऱ्या दिवशी मी त्याला पहिलीत घालायला नेलं. गुरुजींनी त्यालाच विचारलं, बाळ, आईचं नाव काय? त्यानं सांगितलं, सरू. सहा वर्षांच्या लेकरानं तुझा शब्द पाळला, प्रयाग. मी शेजारीच उभी होते. मी बोलायला हवं होतं, बोलले नाही. तुझं नाव निघालं तर पुन्हा रडेल असं मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर ऐकायला गोड लागलं. एवढी चूक माझी. बाकीची तुझी.

आणि आईपणाचं मला काय मिळालं ते पण ऐक. त्याला कावीळ झाली तेव्हा चिखलीच्या वर्कशॉपात रजा मागितली, तर सुपरवायझर हसला. भाच्यासाठी कसली रजा, पोटचं असेल तर सांग म्हणाला. आठ दिवसांचा खाडा धरला. शाळेत पालकसभेला मी चालले, सुईच्या वेळी हात धरायला मी चालले. पण आत्याचा रकाना मला आजवर एका कागदावर दिसला नाही. ना कंपनीच्या, ना सरकारच्या. लग्नपत्रिकेत तेवढा मान असतो, तोही कोपऱ्यात. माझी मिनल म्हणायची, आई, दुधावरची साय नेहमी त्याच्याच वाटीत का? तिला मी काय उत्तर देत होते ते माझं मला माहीत.

आणि आता म्हणतेस, लिहून दे, मी त्याची कोणी आई नाही! लिहिताना हात कसा धजावला तुझा?

विलासला सांग, बहीण अजून जिवंत आहे. तेलकट खाऊ नकोस. चिडले आहे तरी तुझीच,

सरूताई


चाकण,
१२ सप्टेंबर २०२५

ती. सरूताईंना,
जय भीम.

मी असं काही म्हणाले नव्हते. म्हणाले असेन तरी पोर रडू नये म्हणून आई वाट्टेल ते बोलते. ते शाळेच्या रजिस्टरात मांडायचं असतं का?

बुधवारी पुन्हा कळ उठली. उलटी थांबेना. हे गोदामाच्या गेटावरची ड्युटी टाकून धावत आले. दवाखान्यानं आता बावीस तारीख दिली आहे. विमा राहू दे, आपण घरून भरू, असं हे म्हणतात. मी साफ नाही म्हटलं. माझ्या मुलाच्या कार्डावर मी त्याची आई म्हणूनच भरती होणार, नाहीतर होणार नाही. मग काय व्हायचं ते होवो.

कागद पाठवा. बाकी आशीर्वाद आहेतच, ते मागायला लागू नयेत.

प्रयाग


पिंपळे गुरव,
१५ सप्टेंबर २०२५

सौ. प्रयागबाई यांस,
जय भीम.

सोबत स्टॅम्पपेपर जोडला आहे. पिंपरीला नोटरीकडे जाऊन केला. टायपिस्टकडे नमुना तयारच होता, त्यानं नावं तेवढी भरली. वाचून दाखवू का म्हणाला. मी नको म्हटलं. वाचलं असतं तर सही झाली नसती.

तारीख चुकवू नये. यापुढे मी आत्याच्या मापानंच वागेन. कमी-जास्त बोलले असेन तर माफ करावं.

आपली,
सरूबाई


चाकण,
१७ सप्टेंबर २०२५

ती. सरूताईंना,
प्रयागचा जय भीम आणि दंडवत.

प्रयागबाई कोणाला म्हणता? आणि न वाचता सही करायला तुम्ही काय अडाणी आहात? मी वाचला तो कागद, चारदा वाचला. तिसऱ्या कलमात छापलंय की ‘सदर संघर्ष याच्याशी माझा कोणताही संबंध नाही, त्याच्यावर माझा कसलाही हक्क नाही व पुढेही राहणार नाही.’ कोण हा टायपिस्ट? याला नात्यातलं काय कळतं? गाडी विकतानाचा मजकूर पोराला लावतो?

मी मागितलं होतं एवढंच, की तुम्ही आई नाही. संबंध नाही असं मी कुठं म्हटलं? संघर्षनं उभ्यानं वाचलं. डबा तसाच टाकून शिफ्टला गेला. दोन दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. हे पण बोलत नाहीत. बापलेकांनी मला वाळीत टाकलंय.

ताई, मी म्हणाले होते ते. तुमच्या दारात, अगदी तस्संच. सगळं आठवतं मला. ते तोंडानं कबूल केलं तर माझ्याकडं काय उरेल, या भीतीनं मी तुमच्यावर उलटले. चोर म्हणाले त्याची लाज वाटते. पण आई मीच आहे, त्यातलं तसूभर सोडणार नाही, हे पण सांगून ठेवते.

कागद मी कंपनीत देऊ दिलेला नाही. फाडून टाकलाय. आता दुसरा करा. त्यात लिहा, संघर्षला जन्म प्रयागनं दिला, सहाव्या वर्षापासून वाढवलं त्याच्या आत्यानं, सरूबाईनं, आणि त्याच्यावर दोघींचा सारखा हक्क आहे. टायपिस्ट असा नमुना नाही म्हणाला तर सांगा, माझी भावजय पोटातले खडे घेऊन तुझ्या टेबलापुढं येऊन बसेल. कंपनीच्या माणसाशी मी बोलले आहे. तो म्हणाला, जन्म प्रयागनं दिला ही वरची ओळ असली की आमचं भागलं, खाली काय लिहायचं ते लिहा.

कळ रोज येते, पण त्या कलमाच्या जोरावर झालेलं ऑपरेशन मला नको. बावीस तारखेला सकाळी आठला दवाखान्यात भेटू. नवा कागद संघर्षच्या हाती पाठवलात तर मी घेणार नाही. तुम्ही स्वतः घेऊन या, आणि ऑपरेशन होईपर्यंत दाराशी बसा. पोराला त्या वेळी एकट्याला उभं करायचं नाही मला.

तुमच्या लोभाची हक्कदार,
प्रयाग