आतल्या खोलीतले ठोके

घुम्या,

मी सोनोग्राफीला चालले आहे. सोबत ताई आहे, तेव्हा धावतपळत मागे येऊ नकोस. डॉक्टरीणबाई कधीपासून कानीकपाळी ओरडताहेत, की पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी टाळू नका, बाळाचे अवयव तेव्हाच नीट दिसतात. मीच आज-उद्या करत राहिले. मागच्या बाळाच्या वेळी पहिल्या सोनोग्राफीत ठोके ऐकले आणि या दुसरीत सगळं शांत. तेव्हापासून त्या टेबलावर आडवं व्हायचा धीरच होत नाही.

जेवण झाकून ठेवलंय. माझी वाट बघू नकोस, जेवून घे.

आता खरं सांगते. रोज संध्याकाळी आतल्या खोलीचं दार लोटून तू मोबाइलवर ते तेव्हा रेकॉर्ड केलेले ठोके ऐकतोस, हे मला ठाऊक आहे. तू बोलत नाहीस, म्हणून मीही बोलले नाही. शिवाय ते लागले, की पोटातलं हे बाळ अगदी त्याच तालात लाथा मारतं. ते मला थांबवायचं नव्हतं.

आज तू मोबाइल घरीच विसरलास. मी नसताना एकटाच ऐकत बसशील म्हणून मी तो बंद करून पर्समध्ये टाकला. चपला घालत होते, तेवढ्यात आतल्या खोलीतून ठोके सुरू झाले. पाठोपाठ पोटातही.

मी त्या खोलीला बाहेरून कडी घातली आहे. एकट्याने उघडू नकोस. मी आले की दोघं मिळून उघडू. त्याने तरी आपली किती वाट बघायची?