दोनदा म्हणजे नाही

२ मार्च

ती. काकूस, शि. सा. नमस्कार.

फोनवर बोललं की काकांना ऐकू जातं, म्हणून लिहायला बसले. त्यांचे कान अजून आपल्या दोघींपेक्षा तिखट आहेत.

काकांच्या तपासण्यांचे अहवाल आले. छातीचे स्नायू आणखी तीनेक आठवडे साथ देतील. त्याआधी ठरवायला हवं, घशाला छिद्र पाडून श्वासाचं यंत्र लावायचं की नाही. लावलं तर काही वर्षं मिळतील. पण अशीच, पलंगावर, पापण्यांपुरती. आणि एकदा लावलेलं यंत्र काढायला आमच्या इस्पितळात कुणी डॉक्टर सही करत नाही. मीही करणार नाही.

तेव्हा त्यांनाच विचार. पापण्या एकदा मिटल्या तर हो, दोनदा मिटल्या तर नाही. जे उत्तर येईल ते मी कागदावर लिहीन.

तू जेवत जा. लोभ आहेच, तो सांभाळ.

तुझी बाबी

६ मार्च

चि. बाबी हिस अनेक आशीर्वाद.

विचारलं. ह्यांना जगायचं आहे. यंत्र लाव.

छापखान्यातले दोघे जुने सोबती येऊन गेले. त्यांनी दिलेल्या पुस्तकाचं एकेक पान मी ह्यांच्यासमोर धरते. चूक सापडली की डोळे तिथेच अडकतात. मुद्रितं तपासण्यात जन्म गेला, खोड जाते कुठे. मी म्हटलं, चाळीस वर्षं माझ्या चुका काढल्यात, आता काढा पाहू. चार वेळा पापण्या मिटल्या. हसले, असं मी धरलं.

कुशीवर वळवताना पलंग कुरकुरतो, माझी कंबरही. तेल दोघांनाही हवं.

डॉक्टरीणबाई, झोपत जा. माया आहे तशी असू दे.

तुझी काकू

९ मार्च

ती. काकूस, शि. सा. न.

रागावू नकोस. नेमकं काय विचारलंस, ते शब्द कळव. प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही, हे मला काकांनीच शिकवलं.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली. त्यांची जीभ वळत होती तेव्हा, तू औषधं आणायला गेली असताना, ते म्हणाले होते, मला यंत्राला बांधू नकोस. मी बघू म्हटलं. फाइलमध्ये लिहिलं नाही. पुतणीने ऐकलं, डॉक्टरने नाही, अशी पळवाट काढली. माणसं मत बदलतात, तेही मी रोज पाहते. म्हणून तर पुन्हा विचारायला सांगितलं.

सतरा तारखेला येते. तू बाहेर थांब, मी विचारीन. त्याआधी एकदा तू विचार, माझ्याच शब्दांत: यंत्र लावू का?

लोभ कमी करू नकोस.

बाबी

१३ मार्च

चि. बाबी हिस आशीर्वाद.

मी विचारलं होतं, मला एकटीला टाकून जाणार का? पापण्या दोनदा मिटल्या. दोनदा म्हणजे नाही. मी खोटं काहीच लिहिलं नाही.

तुझं पत्र वाचून मनातल्या मनात तुझ्याशी अबोला धरला. मग ह्यांचा राग आला. मला का नाही सांगितलं? मग कळलं, मी ऐकून घेतलंच नसतं.

सतराला ये. मी बाहेर थांबणार नाही.

आज सकाळी अंग पुसून दिलं, चष्मा लावला आणि तुझ्याच शब्दांत विचारलं. पापण्या हलल्या नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले. पुन्हा विचारलं. डोळ्यांतून पाणी ओघळायला लागलं तरी मिटेनात. डोळे कोरडे पडू द्यायचे नाहीत, असं तूच बजावलं आहेस. शेवटी चष्मा काढून मीच बोटांनी पापण्या मिटल्या. एकदा.

ही एक धरायची का, तेवढं कळव.

काकू