हलगी दारापर्यंत

नायगाव
दि. ४ मार्च २०२४

चिरंजीव व्यंकट यास,

अक्काचा येशूच्या नावात सलाम. आम्ही इथं बरे आहोत, तुम्ही लातुरात सगळे बरे असाल. शिल्पाला आणि लेकरांना सलाम सांग. मायचे गुडघे होते तसेच आहेत आणि तोंडही होतं तसंच आहे.

फोनवर बोलले असते, पण तुझ्या मागं कायम बँडचा गोंधळ. तू नुसतं 'हां अक्का, हां अक्का' करतोस आणि एक शब्द कानात शिरत नाही. म्हणून चौथीपर्यंतचं शिक्षण बाहेर काढून लिहून राहिले. माझ्या पुनमला लिहायला सांगणार होते, पण ती पोरगी माझे शब्द गाळते. म्हणते, असं लिहीत नसतात मम्मी.

आता ऐक. आपल्या देवळात नवे पाळकसाहेब आलेत, आनंदराज नावाचे. माणूस वाईट नाही. पण त्यांनी एक डबा आणलाय, साउंड बॉक्स. गाणं मोबाइलमधून डब्यात जातं आणि शब्द भिंतीवर उमटतात. माझ्यासारखीला पहिलं अक्षर सापडेपर्यंत कडवं संपतं. ढोलकी कपाटावर पडली, झांजा कुठं गेल्या कुणाला माहीत नाही. मंडळी कशी बसते सांगू? स्टँडवर गाडी लागायची वाट बघत बसल्यावानी. मागच्या महिन्यात अर्ध्या गाण्यात साहेबांचा फोन वाजला, घाईत त्यांनी तोच दाबला, आणि एक बाई डब्यातून सगळ्या मंडळीला विचारायला लागली, तुम्हाला कर्ज पाहिजे का. आपली लक्ष्मम्मा मागून म्हणली, "व्हय म्हणा साहेब, पत्रे तरी बदलू." त्या दिवशी तेवढंच काय ते देवळात हसू झालं.

आणि काल काय झालं? साहेबांनी शास्त्रातून वाचलं. डफ वाजवा, झांजा वाजवा, नाचा, देवाची स्तुती करा. चांगलं खणखणीत वाचलं. मग पुस्तक मिटलं आणि म्हणाले, आता आपण शांततेत बसू या.

मला राहवलं नाही. उभी राहिले. म्हणले, "साहेब, डफ कुठाय?"

सगळ्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी चपला घालून वेदीवर चढले.

साहेब म्हणाले, "डफ असता तर वाजवलाच असता, बाई."

"डफ हाय. लातुरात हाय, माझ्या भावाच्या गळ्यात. हलगी म्हणजे डफच की."

भक्ती सुटल्यावर देवळाचे पंच बसले. ईश्वरप्पा पंचांचा म्होरक्या, त्यानं तोंडच वाकडं केलं. म्हणतो, "ते सगळं सोडून आपण इकडं आलोत. तुझ्या बापानं बाप्तिस्म्यानंतर हलगी आढ्याला टांगली ती परत काढली न्हाई." हे मला सांगतो! जसं काही मी त्या घरात राहतच नव्हते. तू रेणापूरला मामाकडं जाऊन वाजवायला शिकलास तर बाबा तुझ्याशी कसा बोलेना झाला, ते मीच बघितलंय. पण बाबा गेला, आणि वाजवणं काय पाप आहे? मी दोन तास भांडले. शेवटी ईश्वरप्पा म्हणला, "बरं. झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत वाजवू द्या. पण दारापर्यंत. आत न्यायची न्हाई."

मी लगेच हो म्हणले. आज दारापर्यंत, उद्या आत. त्याला कळायच्या आत मी जिंकले.

तर चोवीस तारखेला, झावळ्यांच्या रविवारी, सकाळी ये. मायला आधी सांगत नाही, तुला एकदम बघू दे. जेवण देवळाच्या आवारातच आहे. हलगी विस्तवावर चांगली शेकून वाजव. लोकांची झोप उडाली पाहिजे.

तुझी,
अक्का

—

नायगाव
दि. २२ एप्रिल २०२४

व्यंकट,

सलाम. महिना होत आला, फोन उचलत नाहीस. शिल्पा उचलते आणि म्हणते, वरातीला गेलेत. सकाळी सात वाजता कुणाची वरात असते रे? तिला खोटं बोलायला लावू नकोस, तिला ते जमत नाही.

इथं सगळे बरे आहेत. पुनमची परीक्षा झाली. ऊन लई आहे.

मिरवणुकीचा विषय लोक अजून काढतात. तू वाजवायला सुरुवात केलीस तर लेकरं झावळ्या घेऊन उड्या मारायला लागली, ती लक्ष्मम्मा पदर खोचून नाचली, जिला एरवी उठायला दोन माणसं लागतात. पाळकसाहेब पांढऱ्या झग्यात टाळ्या पिटत चालले होते. मला वाटलं, असंच असलं पाहिजे. देवाच्या घरी जाताना माणसानं असंच गेलं पाहिजे, मान खाली घालून दवाखान्यात गेल्यावानी नाही.

पण न जेवता जाणं हे काय वागणं झालं? एवढा स्वयंपाक केला होता. गाडीला किक मारली आणि निघालास, ना मला सांगून, ना मायला. लोकांनी मलाच विचारलं, भाऊ का गेला. मी म्हणले, लग्नाची सुपारी असेल. मीही खोटंच बोलले.

माय बरी आहे असं लिहिणार होते. बरी नाही. म्हणजे तापबीप काही नाही. देवळात येत नाही. म्हणजे येते, पण आत येत नाही.

तुझ्यानंतरच्या रविवारी, पुनरुत्थानाच्या दिवशी, नवं लुगडं नेसून आली आणि पायरीवर बसली. मला वाटलं दम खाते. घंटा झाली, सगळे आत गेले, ही तिथंच. पाळकसाहेब बाहेर आले, "आजी, आत चला, ऊन लागेल."

"माझ्या लेकाला लागलं न्हाई का?"

साहेब आत गेले. मग प्रभुभोजनाच्या वेळी विचारायला आले, भाकर आणि प्याला इथं आणून देऊ का. तर म्हणते, "बाहेर दिलेलं मी घेत न्हाई."

अशा दिवशी असं बोलली. मला जमिनीत जावंसं वाटलं. घरी येऊन मी लई बोलले तिला. म्हणले, म्हातारपणी हट्ट शोभत नाही, देवानं तुझं काय वाकडं केलंय? ती भाकरी खात राहिली.

पुढच्या रविवारी लक्ष्मम्मा तिच्या शेजारी बसली. मग अजून दोघी. नुसत्या बसल्या असत्या तरी चाललं असतं, पण त्या गायला लागल्या. आपली जुनी भजनं, टाळ्यांवर. आतला डबा एक गातो, बाहेरच्या म्हाताऱ्या दुसरं, आणि म्हाताऱ्यांचा आवाज मोठा. लेकरं एकएक करून बाहेर सरकली. काल तर आत पंच, डबा आणि मी. पाळकसाहेब भिंतीवरचे शब्द एकटेच वाचत होते. मला त्यांची दया आली.

मग मला एक सुचलं. मधेच उठून बाहेर आले, मायजवळ बसले आणि म्हणले, "माय, इथंच लई छान चाललंय. व्यंकटला बोलावते, इथंच वाजवील, झाडाखाली. कुणाला विचारायला नको."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग जे बोलली ते लिहायला हात येईना, तरी लिहिते.

म्हणाली, "तुझ्या बापानं पाटलाच्या घरची किती लग्नं वाजवली. नवरदेव आत गेला की ह्यानं दारात थांबायचं. जेवण पाटलीण आतून बाहेर आणून द्यायची, पायरीवर. ते मी फडक्यात बांधून घेऊन यायची, तुम्हाला गोड लागायचं. तो खायचा न्हाई. म्हणून तर त्यानं हलगी टांगली. वाजवायचं वाईट वाटत नव्हतं त्याला. लई हौस होती. दाराचं वाईट वाटायचं." आणि मग म्हणाली, "पण ती पाटलीण होती ग. तू तर बहीण हाईस."

व्यंकट, त्या मिरवणुकीच्या दिवशी मला वाटलं तू भुकेला असशील. उपासना लांबली होती, आत तो डबा चालू होता, आणि तू उन्हात पायरीवर हलगी मांडीवर घेऊन बसलेला. मी मागच्या दारानं जाऊन पहिलं ताट वाढलं. पाळकांच्याही आधी तुझं. रस्सा सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून आणलं. तू ताटाकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस आणि उठलास. मी ते ताट हातात धरून तिथंच उभी. माझ्या डोक्यात अजिबात आलं नाही रे. खरंच आलं नाही.

काल मायचं बोलणं ऐकून मी रडायला लागले, ते ऐकून साहेब बाहेर आले, मागं पंच. माय आत जाईना म्हणून पंचांची बैठक पायरीवरच भरली. ईश्वरप्पाला उन्हात बसावं लागलं, ते मला बरं वाटलं. मी सरळ म्हणले, "शास्त्रात डफ आत हाय. दारापर्यंत असं कुठं लिहिलंय ते दाखवा." साहेब म्हणाले, नाही लिहिलेलं.

ईश्वरप्पा कितीतरी वेळ रुमालानं मान पुसत राहिला. मग मायला म्हणला, "केवळाबाई, हलगी आत आली की माझा बाप आत येतो. तसाच, हलगी घेऊन दारात वाकून उभा असलेला. मला देवाकडं बघता येत न्हाई मग."

माय म्हणाली, "येऊ दे की. खुर्ची दे त्याला."

ईश्वरप्पा उठला, आत गेला. आतून ओढाओढीचा आवाज. मी वाकून बघितलं, तर त्यानं डब्याची वायर उपटली होती, डबा कोपऱ्यात सारला होता आणि त्या जागी, वेदीजवळ, स्वतःची पुढची खुर्ची ओढून आणली होती. रागातच होता. तसाच घरी गेला. पण खुर्ची तिथंच आहे, आज सकाळी मी जाऊन बघून आले.

माय मात्र अजून पायरीवरच आहे. म्हणते, व्यंकट पुढं, मी मागं, त्याच्या आधी उंबरा ओलांडत नाही. मे महिना तोंडावर आलाय. लग्नसराई आहे, तुझ्या बँडवाल्यांना तू पाहिजेस, सगळं मला माहीत आहे. तरी ज्या रविवारी वरात नसेल त्या रविवारी ये. नसेलच असा रविवार, तर एक वरात सोड. हलगी शेकायला देवळात विस्तव न्यायचा का नाही यावर पंच परत भांडतील, त्यांना मी बघून घेते.

फोन करू नकोस. फोनवर मला बोलता येणार नाही. नुसता ये, दारात थांबू नकोस, कुणी हात केला तरी थांबू नकोस. जेवण आतच आहे, सगळ्यांच्या पंगतीत. या वेळी वाढणारी दुसरी कुणीतरी असेल. मी तुझ्या शेजारी बसणार आहे, तू बसू दिलंस तर.

तुला पायरीवर ताट आणून देणारी,
तुझी अक्का